पाळीचा हिशेब मांडणारा गणिती

मोबाइलचा मनोरा एका वेळी किती जणांना बोलू देतो आणि गर्दी झाली की कोणाला थांबवतो, या प्रश्नाचे पहिले शास्त्रशुद्ध उत्तर मोबाइल जगात येण्याच्या सहा दशके आधीच लिहिले गेले होते. ते लिहिणारा डेन्मार्कमधील एका खेडेगावच्या शाळामास्तरांचा मुलगा होता. आग्नर क्रारुप एर्लांग हे त्याचे नाव. त्यांच्या आयुष्याची आणि त्यांनी मागे ठेवलेल्या हिशेबाची ही ओळख.

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत ती पुढे सरकते. एरवी काही हजार वस्तीच्या गावात त्या एका रात्री लाखांचा मेळा उतरतो. प्रत्येकाला घरी खुशाली कळवायची असते, चुकलेल्या सोबत्याला शोधायचे असते. खिशातल्या मोबाइलवर मनोऱ्याची खूण पूर्ण दिसते, पण फोन मात्र लागता लागत नाही. यंत्र बिघडलेले नसते, मनोराही उभाच असतो. त्या मनोऱ्याला दिलेली लहरींची पट्टी तेवढीच राहिलेली असते आणि मागणारे हात शंभरपट झालेले असतात.

ही अडचण नवी नाही. सातारा आणि सांगली हे एकेकाळचे एकच जिल्हे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्या काळात या भागातून मुंबईला बोलायचे, तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. तारा मोजक्या आणि बोलणारे पुष्कळ. म्हणून कॉलच्या प्रती ठरलेल्या होत्या : साधा, अर्जंट आणि लायटनिंग. ज्याने जास्त पैसे मोजले, त्याची पाळी आधी. घरात कोणी अत्यवस्थ असले म्हणजे लायटनिंग कॉलचे पैसे गोळा करणारी पिढी आजही हयात आहे. पाळी कोणाला आधी द्यायची, हा प्रश्न केवळ यंत्राचा नसतो. त्यात कोणाचा तरी जीव अडकलेला असतो.

एर्लांग यांनी हा प्रश्न गणिताच्या पाटीवर आणला.

डेन्मार्कच्या जटलंड प्रांतात टार्म या गावाजवळ ल्योनबोर्ग नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे १ जानेवारी १८७८ रोजी आग्नर यांचा जन्म झाला. वडील हान्स हे गावच्या शाळेत शिक्षक होते आणि चर्चच्या कामातही लक्ष घालीत. आईचे माहेर धर्मोपदेशकांचे. त्या घराण्याच्या पूर्वजांत थॉमस फिंके हे सोळाव्या शतकातील गणिती होऊन गेले. त्रिकोणमितीतील टँजंट आणि सीकंट ही नावे या फिंके यांनीच रूढ केली. पणजोबांच्याही पलीकडून आलेला हा वारसा आग्नरच्या वाट्याला आला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

घरात मोठा भाऊ आणि दोन धाकट्या बहिणी. संध्याकाळी दोघे भाऊ एकाच पुस्तकावर बसत. मोठा भाऊ पुस्तक सरळ धरी आणि समोर बसलेला आग्नर तेच पान उलट्या बाजूने वाचीत असे. पुस्तक एक आणि वाचणारे दोन, अशी अडचण त्याने भांडण न करता सोडवली होती. खगोलशास्त्राचे त्याला विशेष वेड होते. तारांगणावर तो कविताही रचीत असे.

चौदाव्या वर्षी त्याने विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा दिली. वय कमी असल्याने त्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती, पण तो विशेष गुणवत्तेने उत्तीर्ण झाला. पुढची दोन वर्षे त्याने वडिलांच्याच शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून काम केले आणि त्याच सुमारास लॅटिन व फ्रेंच भाषा शिकून घेतल्या. घरची परिस्थिती बेताची होती. १८९६ साली शिष्यवृत्ती मिळवून त्याने कोपनहेगन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९०१ साली गणित हा मुख्य विषय घेऊन पदव्युत्तर पदवी संपादन केली. खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषयही सोबत होते.

त्यानंतर सुमारे सात वर्षे एर्लांग निरनिराळ्या शाळांत शिकवीत राहिले. स्वभाव अबोल, गर्दीत न रमणारा, तरी शिकवण्याची हातोटी चांगली होती. नोकरी सांभाळून गणिताचा व्यासंग चालूच होता. ते डॅनिश गणितज्ञांच्या संघटनेच्या बैठकींना नियमित जात. तेथेच त्यांची योहान येन्सेन यांच्याशी गाठ पडली. गणिताच्या विद्यार्थ्यांना येन्सेनची असमानता परिचित असते, तेच हे येन्सेन. पोटापाण्यासाठी ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते. त्यांनी एर्लांग यांना कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक फ्रेडरिक योहान्सेन यांच्याकडे नेले.

योहान्सेन यांना एक कोडे सतावीत होते. टेलिफोनच्या तारा टाकणे हा खर्चाचा मामला. कमी टाकल्या तर ग्राहक खोळंबतात, जास्त टाकल्या तर भांडवल मातीत पडून राहते. मग नेमक्या किती तारा पुरेशा आहेत? त्यांनी स्वतः या प्रश्नावर लिहिण्याचा प्रयत्न केला होता, पण त्याला पक्क्या गणिताचा आधार हवा होता. १९०८ साली एर्लांग कंपनीत दाखल झाले. वय तीस. लवकरच कंपनीच्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

प्रयोगशाळा म्हणजे आरंभी एकटे एर्लांगच. हाताखाली माणसे नव्हती. ट्रामच्या विजेचा प्रवाह जमिनीत झिरपून टेलिफोनच्या शिसे मढवलेल्या केबली कुरतडतो, त्याची मोजमापे घेण्याचे कामही त्यांच्याकडे होते. त्यामुळे कोपनहेगनच्या रस्त्यांवर एक चमत्कारिक दृश्य दिसे. पुढे हा विद्वान गणिती आणि मागे खांद्यावर शिडी घेतलेला एक कामगार. रस्त्यातील झाकण उघडायचे, शिडी सोडायची आणि गणितीबुवांनी स्वतः भुयारात उतरायचे. संभाव्यतेचे सूक्ष्म सिद्धान्त मांडणारा हा माणूस आकडे मात्र चिखलातून वर आणीत होता.

१९०९ साली त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. हजारो ग्राहकांपैकी कोण कधी फोन उचलील, हे कोणालाच सांगता येत नाही. मात्र सगळ्यांचे मिळून जे घडते, त्याला एक नियम असतो, आणि तो संभाव्यतेच्या गणितातील प्वासाँच्या सूत्राशी जुळतो, असे त्यांनी दाखवून दिले. एकाचे वागणे अनिश्चित, पण समूहाचे वागणे मोजता येण्याजोगे. येथून आजच्या रांगशास्त्राचा आरंभ झाला, असे मानले जाते.

आठ वर्षांनी, १९१७ साली त्यांनी ज्या सूत्रावर त्यांचे नाव कायमचे कोरले गेले ते सूत्र मांडले. ते समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. एका केंद्रावर गर्दीच्या तासात १२० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी तीन मिनिटे चालतो, असे समजा. म्हणजे एकूण बोलणे ३६० मिनिटांचे, सहा तासांचे. एका तासात सहा तासांचे बोलणे उरकायचे, तर सहा तारा पुरेशा आहेत, असा व्यवहारी हिशेब कोणीही करील. एर्लांग यांचे सूत्र सांगते की हा हिशेब साफ चुकीचा आहे. सहाच तारा ठेवल्या, तर चारांतील एकाहून अधिक कॉल परत जातील. कारण कॉल शिस्तीने एकामागून एक येत नाहीत. कधी दहा एकदम येतात, कधी पाच मिनिटे सारे शांत असते. शंभरात एखाद-दुसराच कॉल परत जावा असे वाटत असेल, तर बारा तारा लागतील. सरासरी सहा आणि गरज बाराची! सरासरीवर विसंबणाऱ्या प्रत्येक नियोजनाने ध्यानात ठेवावी, अशी ही गोष्ट आहे.

याच सूत्रातून निघणारा दुसरा निष्कर्ष अधिकच महत्त्वाचा आहे. शंभरात एकच कॉल परत जावा ही अट ठेवली, तर दहा तारांचा एक संच सुमारे साडेचार तारांइतके अखंड बोलणे पेलतो. असे दोन वेगवेगळे संच ठेवले, तर दोन्ही मिळून सुमारे नऊ. मात्र याच वीस तारा एकत्र करून सर्वांसाठी खुल्या ठेवल्या, तर त्या बारा तारांइतके बोलणे पेलतात. एकही तार न वाढवता क्षमता तिसऱ्या हिश्श्याने वाढते, कारण एकाच्या वाट्याची तार रिकामी असताना दुसऱ्याचा कॉल परत जाण्याची वेळ येत नाही. साधन तुटपुंजे असेल, तर त्याचे तुकडे पाडून वाटण्यापेक्षा ते सामाईक ठेवून पाळी लावणे श्रेयस्कर, हे एर्लांग यांनी आकड्यांनी सिद्ध केले.

कृष्णाकाठच्या वाचकाला हे तत्त्व अपरिचित नाही. ताकारी, म्हैसाळ योजनांच्या कालव्यांवर पाण्याची पाळी असते. आपल्या पाळीला रात्री दोन वाजता कंदील किंवा विजेरी घेऊन बांधावर उभा राहणारा शेतकरी सामाईक साधनाचे शास्त्र जगतच असतो. पाणी सर्वांच्या शेतात एकाच वेळी थोडे थोडे सोडले, तर ते कोणालाच पोहोचत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

एर्लांग यांच्या सूत्राचा बोलबाला डेन्मार्कच्या बाहेर लवकरच झाला. ब्रिटनच्या टपाल खात्याने आपल्या टेलिफोन केंद्रांच्या नियोजनासाठी त्याचा स्वीकार केला. त्यांचे मूळ निबंध वाचता यावेत म्हणून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील एका संशोधकाने डॅनिश भाषा शिकून घेतली, असे सांगतात. एर्लांग मात्र होते तसेच राहिले. त्यांनी लग्न केले नाही. पगारातील बराच भाग पुस्तकांवर खर्च होई. गणित, खगोल आणि भौतिकशास्त्र यांचा मोठा ग्रंथसंग्रह त्यांनी जमवला होता. उरलेले गरजूंच्या हाती जाई. अडलेली माणसे त्यांच्या घरी येत आणि ते गाजावाजा न करता मदत करीत. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा जवळजवळ घेतलीच नाही. १९२९ च्या जानेवारीत पोटाच्या दुखण्याने त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. शस्त्रक्रिया झाली, पण प्रकृती सावरली नाही. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात १९४६ साली दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय समितीने संभाषणाचा भार मोजण्याच्या एककाला एर्लांग हे नाव दिले. एक तार तासभर अखंड व्यापलेली असली, तर तो भार एक एर्लांग. त्यानंतरच्याच वर्षी, १९४७ साली, बेल प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी मोबाइलच्या आजच्या रचनेचे बीज टिपणात मांडले. प्रदेशाचे मधमाशीच्या पोळ्यासारखे लहान लहान घर पाडायचे, प्रत्येक घरात एक मनोरा उभारायचा आणि त्याच लहरी दूरच्या घरात पुन्हा वापरायच्या. या घरालाच सेल म्हणतात आणि त्यावरूनच सेलफोन हा शब्द आला. १९७९ साली टोकियोत अशी पहिली व्यापारी सेवा सुरू झाली. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकी घाट उतरताना फोनवरील बोलणे तुटत नाही, याचे कारण एक मनोरा ते बोलणे पुढच्या मनोऱ्याच्या हवाली करीत असतो.

पण सेलच्या रचनेने एक जुनाच पेच नव्या रूपात उभा केला. शेजारच्या दोन मनोऱ्यांनी एकच लहर एकाच वेळी वापरली, तर सीमेवरच्या फोनला दोन्हींचा आवाज एकदम ऐकू येतो आणि काहीच समजत नाही. दोन शेजारी भजनी मंडळांनी एकाच वेळी ध्वनिक्षेपक लावावेत, तसा हा प्रकार. यावर पहिला तोडगा निघाला तो वाटणीचा. उपलब्ध लहरींचे तुकडे पाडायचे आणि शेजारच्या प्रत्येक मनोऱ्याला वेगळा तुकडा द्यायचा. गोंधळ थांबला. पण एर्लांग यांच्या कोष्टकाने आधीच बजावून ठेवलेला तोटा पदरी पडला. सामाईक साठ्याचे लहान साठे झाले. एका मनोऱ्यावर गर्दी उसळलेली आणि शेजारच्याच्या लहरी रिकाम्या, असे होऊ लागले.

म्हणून पुढच्या पिढ्यांत अभियंते पुन्हा सामाईकतेकडे वळले. चौथ्या पिढीच्या म्हणजे फोर-जीच्या रचनेत शेजारचे सगळे मनोरे बहुधा तीच पूर्ण पट्टी वापरतात. गोंधळ टाळण्याचे काम पाळीवर सोपवलेले असते. या पाळीचा एक घास सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो. एवढ्या वेळात कोणाच्या फोनला कोणता लहानसा पट्टा द्यायचा, हे मनोऱ्यातील संगणक ठरवतो आणि दुसऱ्या क्षणी नव्याने ठरवतो. शेजारचे मनोरे आपसांत निरोप ठेवतात. सीमेवरच्या फोनची पाळी असेल, तेव्हा शेजाऱ्याने त्या पट्ट्यात आवाज खाली आणायचा किंवा क्षणभर गप्प बसायचे, अशी समजूत असते. एकाच्या मौनाने दुसऱ्याचे बोलणे पोहोचते.

आता पाळी कोणाला, हा कळीचा प्रश्न उरतोच. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या फोनला माहिती झपाट्याने देता येते. पाटण खोऱ्यातील डोंगराआडच्या वाडीला किंवा जत तालुक्यातील एकाकी वस्तीला तीच माहिती देण्यास अनेकपट वेळ लागतो. केवळ कार्यक्षमता पाहिली, तर पायथ्याच्या ग्राहकालाच सतत पाळी द्यावी असे गणित सांगेल. एकूण आकडा फुगलेला दिसेल आणि वाडी मुकी राहील. उलट सर्वांना समान वेळ दिला, तर साधनाचा पुरेपूर वापर होणार नाही. यावर शोधून काढलेला मध्यम मार्ग मोठा समंजस आहे. प्रत्येक फोनची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्या स्वतःच्याच सरासरीशी करायची. ज्याच्यासाठी हा क्षण नेहमीपेक्षा चांगला आहे, त्याला पाळी द्यायची, आणि ज्याला बराच वेळ काही मिळालेले नाही त्याचा हक्क आपोआप वाढू द्यायचा. कालव्याच्या शेवटच्या टोकापासून पाणी द्यायला सुरुवात करण्याची जी टेल टू हेड पद्धत आपल्याकडे आहे, तिच्या मागचीही काळजी हीच. टोकाचा माणूस कोरडा राहता कामा नये.

एर्लांग यांच्या सूत्राला मर्यादा आहेत, हेही नमूद केले पाहिजे. प्रत्येक जण आपल्या मर्जीने, दुसऱ्याशी संबंध न ठेवता फोन करतो आणि फोन लागला नाही तर तो नाद सोडून देतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले, तेव्हाची स्थिती आठवावी. अशा वेळी प्रत्येकाच्या मनात एकच भीती असते, एकाच घटकेला सारे फोन उचलतात आणि लागेपर्यंत पुन्हा पुन्हा लावतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेची धरणी हादरली, तेव्हा आप्तांची खबर मिळवण्यासाठी जी घालमेल झाली, तिचे हे नवे रूप. भार वाढतो आणि त्याच वेळी वीज गेल्याने मनोरे एकेक करून बंद पडण्याची भीती असते. सूत्र जेथे थांबते, तेथेच माणसाची खरी गरज सुरू होते. म्हणूनच मदतकार्य करणाऱ्यांच्या कॉलला अग्रक्रम देण्याची सोय दूरसंचाराच्या नियमांत आणि यंत्रांत ठेवलेली असते. एकेकाळच्या लायटनिंग कॉलमध्ये अग्रक्रम पैशाने विकत घेता येत असे. येथे तो संकटाच्या निकडीवर ठरतो, हा फरक लहान नाही.

दूरसंचाराचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरते का होईना, एर्लांग हे नाव पाठ करावे लागते. त्यामागचा माणूस मात्र सहसा कोणाला ठाऊक नसतो. भावासमोर बसून उलटे पुस्तक वाचणारा मुलगा, शिडीवाल्याला सोबत घेऊन भुयारात उतरणारा गणिती आणि दाराशी आलेल्या गरजूला रिकाम्या हाती परत न पाठवणारा गृहस्थ, ही एकाच माणसाची तीन रूपे होती. साधन थोडे आणि मागणारे पुष्कळ असतील, तेव्हा काही जणांना थांबावे लागणारच, हे त्यांनी नाकारले नाही. किती जणांना आणि किती वेळ, याचा हिशेब मात्र आधीच मांडून ठेवायला त्यांनी जगाला शिकवले.

पुढच्या आषाढात पालखी पुन्हा लोणंदच्या तळावर उतरेल. गर्दीत चुकलेली एखादी आजी कोणाच्या तरी फोनवरून घरी निरोप देऊ पाहील. तिची पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाची असेल आणि ती तिला मिळावी, यासाठी आजूबाजूचे मनोरे क्षणभर आवाज खाली आणतील. तिला एर्लांग माहीत असण्याचे कारण नाही. पण तिचा निरोप पोहोचला, तर त्या श्रेयाचा एक वाटा ल्योनबोर्गच्या मास्तरांच्या त्या मुलाकडे जातो.